घरबसल्या रतनवाडी

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि रतनगड तिच्यासाठी बंद झाला. कॉलेजात असताना तिने तो तीनदा केला होता. गेल्या दिवाळीत मी लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला आणि आम्ही दोघी दुपारभर गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत हिंडलो. तुम्हालाही कुणाला असं न्यायचं असेल, तर आम्ही गेलो तशा वाटेने जा.

संगणकावर गूगल अर्थ प्रो घ्या, फुकट आहे. थेट रतनवाडी शोधू नका, भंडारदऱ्याच्या धरणापासून निघा. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं; रतनवाडी त्याच्या जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाण्याच्या काठाकाठाने नैऋत्येला सरकत गेलं की गाव कसं वसलंय ते उमगतं: पुढ्यात पाणी, पाठीशी डोंगर. शिफ्ट दाबून माउस ओढा, रतनगड उभा राहील.

मग वरच्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारा. जुनी उपग्रहचित्रं उघडतात. हिवाळ्यातलं आणि ऐन उन्हाळ्यातलं चित्र आलटूनपालटून लावलं की पाणी किती मागे हटतं ते दिसतं. पावसाळ्याचं चित्र मात्र ढगांमुळे सहसा मिळत नाही. धबधबे बघायचे तर व्हिडिओच लावा.

रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळासाठी गूगल मॅप्सवर या. कोपऱ्यातला पिवळा माणूस उचलून धरला की निळे ठिपके उमटतात. ते लोकांनी टाकलेले चौफेर फोटो. एखादा उघडा आणि इथे रेंगाळा. नुसतं देऊळ बघून पुढे जाऊ नका, मान वर करावी तसं चित्र वर ओढा. शिखरावर इवल्या इवल्या शिखरांच्या ओळी खालून वर चढत गेल्यात. आई त्या ओळींवरून पडद्यावर बोट फिरवत राहिली. "पावसात हा दगड काळाभोर होतो गं," म्हणाली. शेजारची पुष्करणीही चुकवू नका, तिच्या भिंतींतले कोनाडे जवळून बघण्यासारखे आहेत.

परत गूगल अर्थवर येऊन गडाच्या माथ्यावर आम्ही नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, शोधत बसलो. सापडेना. कारण असं, की हा त्रिमितीय नकाशा प्रत्येक जागेची एकच उंची धरतो. वर खडक, खाली पोकळी, परत खडक हे त्याला दाखवताच येत नाही. म्हणून नेढं बुजलेलं दिसतं आणि उभे कडे वितळल्यासारखे. नेढ्याचे फोटो आधीच वेगळे काढून ठेवा, नाहीतर ज्याला नेताय त्याचा विरस होतो.

शेवटी माथ्यावर अगदी खाली उतरा आणि वायव्येला तोंड करा. मी गावा-गडांची नावं मुद्दाम बंद ठेवली होती. आईने चष्मा पुसला, पुढे वाकली, आणि डावीकडून मोजत गेली: "कुलंग, मदन, अलंग." मग मी नावं चालू केली.