संध्याकाळचा वडापाव कसा सुटला

ठाणे स्टेशनला उतरलं की पाय आपोआप वडापावच्या गाडीकडे वळायचे. एकावर भागत नसे. घरी पोचेपर्यंत फरसाणाची पुडीही संपायची. मग रात्री जेवण नको आणि अकराला पुन्हा भूक. रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २४० आलं (१५० च्या आत हवं), तेव्हा घाबरलो.

‘उद्यापासून बंद’ असं दोनदा ठरवलं, चार दिवसही टिकलं नाही. मग बायको म्हणाली, “एकला डबा खाल्ल्यावर सातपर्यंत पोटात काय जातं तुझ्या?” काहीच नाही. दुखणं तिथंच होतं.

आता साडेचारला मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे खातो. डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असते. फुटाणे बिनमिठाचे आणि सालासकट घ्या. १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिनं मिळतात, त्यामुळे पोटाला आधार राहतो.

घरी मटकी. रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी मोड येतात. वाफवून फ्रिजमध्ये ठेवली की कांदा, टोमॅटो, लिंबू घालून पाच मिनिटांत बशी तयार. वरून लसणाची कोरडी चटणी भुरभुरतो. ही चटणी मला फार उपयोगी पडली, कारण जीव अर्धा तिच्यातच अडकलेला होता.

पहिले दहा दिवस जड गेले. तळणाचा वास टाळायला मी दुसऱ्या जिन्याने उतरायचो.

तीन महिन्यांनी आकडा १६५ वर आला. महिन्यातून एकदा लेकीबरोबर वडापाव खातो, एकच.