व्यवसाय प्रशिक्षण प्रकल्पासाठी सीएसआर निधीचा अर्ज कसा तयार करावा

महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांकडे तरुणांना हाताला काम मिळवून देणाऱ्या प्रशिक्षणाच्या कल्पना भरपूर असतात. गाडी अडते ती पैशांपाशी. शासकीय कौशल्य योजनांत प्रशिक्षण केंद्राची मान्यता, यंत्रसामग्री आणि हजेरी यांचे निकष आधीच ठरलेले असतात, परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते, आणि म्हणून बहुतेक संस्था शेवटी कंपन्यांच्या सीएसआर निधीकडे, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून त्यांनी खर्च करायच्या पैशांकडे, वळतात. या निधीसाठी लिहिलेला अर्ज अनेकदा संस्थेच्या कार्याचे गुणगान होऊन बसतो. प्रत्यक्षात तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातला प्रत्येक आकडा पुढे आपल्या संचालक मंडळासमोर आणि लेखापरीक्षकासमोर मांडायचा असतो, आणि त्याला ते निर्धास्तपणे करता यावे, हीच चांगल्या अर्जाची कसोटी आहे.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नेटवर्थ (निव्वळ मूल्य) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ही कामे कोणती, हे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले आहे आणि शिक्षणाबरोबर रोजगारक्षम व्यवसाय कौशल्ये व उपजीविका वाढवणारे प्रकल्प यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. अर्जाच्या पहिल्याच पानावर आपला प्रकल्प या अनुसूचीच्या कोणत्या बाबीखाली येतो ते एका ओळीत लिहावे. कंपनीला आपल्या वार्षिक अहवालात नेमके तेच लिहावे लागते.

अर्जाआधीची कागदपत्रे

संस्था सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी असावी, तिच्याकडे आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही नोंदणीपत्रे असावीत, आणि तशाच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, अशी कंपनीने स्वतः न स्थापलेल्या, बाहेरच्या संस्थांकडून सीएसआर नियमांची अपेक्षा आहे. १ एप्रिल २०२१ पासून त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय कोणत्याही संस्थेला कंपनीच्या वतीने सीएसआरचे काम करता येत नाही. या अर्जावर संस्थेच्या पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि तो व्यवसाय करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सचिव) किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

‘तशाच स्वरूपाचा अनुभव’ हे शब्द अनेक संस्थांना जड जातात. दहा वर्षे बालवाड्या चालवलेल्या संस्थेने एकदम वेल्डिंगचे केंद्र मागितले, तर अधिकारी कितीही सहृदय असला तरी तो अर्ज पुढे सरकवू शकत नाही. अशा वेळी आपल्या मागच्या कामातला तरुणांशी, रोजगाराशी किंवा प्रशिक्षणाशी जोडलेला भाग वर्षवार आणि लेखापरीक्षित खर्चासह दाखवावा. तसा भाग नसेलच, तर अनुभवी प्रशिक्षण संस्थेला भागीदार म्हणून सोबत घ्यावे.

विश्वस्त बदलले असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो आणि ही गोष्ट कित्येक संस्थांमध्ये वर्षानुवर्षे राहून गेलेली असते. अर्जावर सही करणाऱ्याचे नाव धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत नसेल, तर करार करायच्या टप्प्यावर सगळेच थांबते. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आयकर विवरणपत्रे, पॅन, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि अर्ज करण्याचा अधिकार देणारा विश्वस्त मंडळाचा ठराव एकाच फाइलमध्ये तयार ठेवावा.

कंपनी कशी निवडावी

मोठ्या नावांच्या मागे सगळेच लागतात आणि त्यांच्याकडे अर्जांचा ढीग असतो. कायद्यानुसार कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते, त्यामुळे आपल्या तालुक्यातल्या किंवा शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कंपन्यांपासून सुरुवात करणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे. जिची वार्षिक सीएसआर रक्कम ५० लाख रुपयांपेक्षा जास्त नसते, त्या कंपनीला स्वतंत्र सीएसआर समिती नेमावी लागत नाही. तिथे निर्णय थेट संचालक मंडळ घेते आणि तुमचा प्रस्ताव बहुधा वित्त किंवा मनुष्यबळ विभागातल्या एखाद्या अधिकाऱ्यामार्फत त्यांच्यापर्यंत जातो.

केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात आणि कोणत्या क्षेत्रात किती खर्च केला, हे पाहता येते. कंपनीचे सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिच्या संकेतस्थळावर असतात. जी कंपनी सलग काही वर्षे फक्त आरोग्यावर खर्च करत आली आहे, तिला व्यवसाय प्रशिक्षणाचा प्रस्ताव पाठवण्यात वेळ घालवू नये. कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाला धरून ठरतो, म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये दोन पानी टिपण देऊन पुढच्या वर्षासाठी बोलणी सुरू करणे सोयीचे पडते. मार्चअखेर उरलेला पैसा मिळेल या आशेवर तुकडीचे वेळापत्रक बांधू नये.

‘निधी मिळवून देतो, एवढे टक्के द्या’ असे सांगणारे लोक या क्षेत्रात भेटतात. मंजूर रकमेतला काही भाग रोखीने परत मागणाऱ्याशीही कोणताच व्यवहार ठेवू नये, कारण पुढे हिशेबातला खड्डा भरण्याची वेळ संस्थेवरच येते.

मजकूर नोकरीपासून उलटा बांधावा

बहुतेक प्रस्ताव बेरोजगारीच्या राष्ट्रीय आकडेवारीने सुरू होतात. वाचणाऱ्याला ती ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते हे, की तुमच्या केंद्रापासून वीस किलोमीटरच्या आत कोण, कोणत्या कामासाठी, किती पगारावर माणसे घ्यायला तयार आहे. म्हणून अभ्यासक्रम ठरवण्याआधी मालकांना भेटावे. इलेक्ट्रिकल कंत्राटदार, रुग्णालये, गॅरेज, हॉटेले यांच्याकडे जाऊन गेल्या वर्षी किती जणांना कामावर घेतले, त्यांतले किती टिकले आणि सुटलेले का सुटले, एवढे तीन प्रश्न विचारले तरी प्रस्तावाचा अर्धा पाया तयार होतो. ‘सहकार्य करू’ अशा मोघम पत्रापेक्षा, ‘प्रमाणपत्रधारक सहा उमेदवारांच्या मुलाखती आम्ही घेऊ आणि सुरुवातीचा पगार इतका देऊ’ असे लिहिलेले एकच पत्र अधिक वजनदार ठरते.

एक सावधगिरी इथे बाळगावी लागते. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला किंवा तिच्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम सीएसआरमध्ये धरला जात नाही. त्यामुळे निधी देणाऱ्या कंपनीलाच कामगार पुरवणारे केंद्र असा प्रकल्पाचा चेहरा होऊ देऊ नये. उमेदवारांना वेगवेगळ्या मालकांकडे जाण्याची मोकळीक राहील हे स्पष्ट लिहावे.

अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी, म्हणजे एनएसक्यूएफशी, जुळलेला असेल तर त्याची पातळी, तासांची संख्या आणि परीक्षा कोण घेणार ते लिहावे. शिकवणाऱ्यानेच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचे, या पद्धतीवर आता कोणी विश्वास ठेवत नाही. एनसीव्हीईटी या व्यवसाय शिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक परिषदेने मान्य केलेल्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेणे चांगले.

यानंतर आकड्यांची गळती मांडावी, आणि मला हा अर्जाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. समजा, २४ लाख रुपयांत १२० जणांना प्रवेश द्यायचा आहे. त्यांतले १०२ जण अभ्यासक्रम पूर्ण करतील, ९० उत्तीर्ण होतील, ६५ कामाला लागतील आणि सहा महिन्यांनी ५० जण कामावर टिकून असतील, असा तुमचा अंदाज आहे. प्रवेशामागे खर्च २०,००० रुपये दिसतो. टिकलेल्या प्रत्येक नोकरीमागे तो ४८,००० रुपये होतो. दुसरा आकडा लपवला तरी अधिकारी तो स्वतः काढतोच. तो आपणच मांडावा आणि गळती कुठे व का होते, ती कमी करण्यासाठी काय करणार, हे पुढे सांगावे. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे लिहिणाऱ्या संस्थेला मागचे हजेरीपट आणि पगारपत्रके मागितली जातात, आणि तिथे बहुधा शांतता पसरते.

गळतीची कारणे स्थानिक आणि साधी असतात. वर्ग साडेपाचला सुटत असेल आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी पाचची असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून मुलींची हजेरी कमी होऊ लागते. सोयाबीनच्या काढणीत मुले गैरहजर राहतात. वर्गाची वेळ बदलणे, बसपासचा खर्च अंदाजपत्रकात धरणे, सुगीचा महिना टाळून तुकडी सुरू करणे, असे उपाय लिहिलेला प्रस्ताव प्रत्यक्ष काम करणाऱ्याने लिहिला आहे, हे वाचताक्षणी कळते.

अंदाजपत्रक

प्रशिक्षकाचे मानधन, जागेचे भाडे, यंत्रे, परीक्षा शुल्क या बाबी सर्वांना आठवतात. सरावाला लागणारा माल मात्र हमखास कमी धरला जातो. हाउस वायरिंगच्या तुकडीत प्रत्येक जण बोर्डाची जोडणी करून, सोडून, पुन्हा करतो. सोललेली आणि कापलेली वायर दोन-तीन वापरांत आखूड होऊन निकामी होते, स्विचचे स्क्रू झिजतात, होल्डर तुटतात. हा माल प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यामागे किती लागतो ते मीटर आणि नगांत मोजून दर लावावा, आणि मोठ्या खरेदीसाठी तीन कोटेशन जोडावीत. हातमोजे, सुरक्षा बूट, प्रशिक्षणार्थ्यांचा विमा आणि प्रशिक्षणानंतर सहा महिने फोन करून व भेटून पाठपुरावा करणाऱ्या माणसाचा पगार या बाबी वगळू नयेत. पाठपुराव्याचा पैसा धरला नाही, तर नोकरी टिकल्याचा पुरावा कोण आणणार?

प्रशासकीय खर्चाविषयी एक गैरसमज पसरलेला आहे. नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरला जात नाही. म्हणून केंद्रप्रमुख आणि प्रशिक्षक यांचे पगार ‘प्रशासन’ या एका गोळाबेरीज रकमेत न टाकता, त्यांचा किती वेळ या प्रकल्पाला जातो ते दाखवून प्रकल्पखर्चात मांडावेत.

यंत्रे विकत घ्यायची असतील तर त्यांची मालकी कोणाकडे राहील, हे आधीच लिहावे. सीएसआरच्या पैशांतून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचत गटासारख्या समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. प्रशिक्षणार्थ्यांकडून नाममात्र शुल्क घेणार असाल, तर ते जमेच्या बाजूला दाखवावे.

एकाहून अधिक वर्षांचा प्रकल्प मागायचा तर नियमांत ‘चालू प्रकल्पा’ची सोय आहे: सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे, ही त्याची कमाल मुदत. पहिल्यांदाच ओळख होणाऱ्या कंपनीकडे मात्र एका तुकडीचा, एका वर्षाचा प्रस्ताव न्यावा आणि दुसऱ्या वर्षाची रूपरेषा सोबत जोडावी.

मंजुरी आणि नकार

मंजुरीनंतर करार वाचल्याशिवाय सही करू नये. पैसे किती हप्त्यांत येणार, पहिला हप्ता तुकडी सुरू होण्याआधी मिळणार की नंतर, शेवटचा हप्ता नोकरीच्या आकड्याला बांधला आहे का, एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात खर्च वळवायला किती मुभा आहे, हे चार मुद्दे नीट पाहावेत. दिलेला निधी मंजूर कामावरच खर्च झाल्याचे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते. त्यामुळे उपयोगिता प्रमाणपत्र आणि बिले तुमच्याकडून वेळेवर मागितली जातील. प्रकल्पाचे स्वतंत्र बँक खाते किंवा निदान स्वतंत्र खातेवही पहिल्या दिवसापासून ठेवली, तर ही कागदपत्रे देणे जड जात नाही.

नकार आला तर कारण विचारावे, आणि तेही लेखी विचारावे. कारण क्षेत्राचे किंवा ठिकाणाचे असेल तर त्या कंपनीचा नाद सोडावा. रकमेचे, अनुभवाचे किंवा वेळेचे असेल तर त्या दुरुस्त्या करून, नव्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल जोडून, पुढच्या जानेवारीत तोच प्रस्ताव पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे घेऊन जावा.