जुना डोमेन कंट्रोलर काढताना घाई नको

विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा वाढीव (एक्स्टेंडेड) सपोर्टही ऑक्टोबर 2023 मध्येच संपला. तरी बऱ्याच ऑफिसांत ॲक्टिव्ह डिरेक्टरी (युजर, पीसी आणि लॉगिन सांभाळणारी यंत्रणा; ती चालवणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर) अजून त्याच्यावरच चालते. सर्व्हर 2022 वर जायचं तर जुन्याच मशीनवर अपग्रेड मारू नका. नवा सर्व्हर त्याच डोमेनमध्ये दुसरा कंट्रोलर म्हणून जोडा.

पण त्याआधी सिसव्हॉल फोल्डरचं (यात पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्ट असतात) रेप्लिकेशन, म्हणजे कंट्रोलरांमध्ये आपोआप होणारी कॉपी, तपासा. डोमेन 2003 च्या काळातलं असेल तर ते अजून एफआरएस या जुन्या पद्धतीवर असू शकतं, आणि नवा सर्व्हर एफआरएस चालवून घेत नाही. आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर आणा.

मग पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) नव्या सर्व्हरवर हलवा. हे पाच मिनिटांचं काम.

खरी गंमत डीएनएसची, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या सेवेची; तीही बहुधा जुन्या कंट्रोलरवरच असते. पीसींना नव्या डीएनएसचा पत्ता डीएचसीपीतून (नेटवर्क सेटिंग आपोआप वाटणारी सेवा) मिळेल. पण प्रिंटर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांच्यात कुणीतरी कधीकाळी जुन्या सर्व्हरचा आयपी हाताने टाकलेला असतो. म्हणून जुना सर्व्हर आठवडाभर नुसता बंद ठेवा. कोण बोंबलतं ते कळतं! ते दुरुस्त झालं की तो परत चालू करा, रेप्लिकेशन नीट झालंय ना बघा आणि मगच रीतसर डिमोट करा, म्हणजे त्याचं कंट्रोलरपद काढा.