पऱ्हाटीची पानं तोडण्याआधी: जनुकसंचाच्या परम्युटेशन चाचणीची तयारी

सगळ्यात आधी वावरं मोजा. कोरडवाहू आणि ओलिताच्या पऱ्हाटीत कोणते जनुकसंच (एकाच कामाशी जोडलेल्या जनुकांचे गट) वेगळे वागतात, हे पाहायचं असेल तर प्रत्येक शेतकऱ्याच्या वावरात दोन्ही पट्टे शेजारीशेजारी हवेत. परम्युटेशन चाचणीत ओलित-कोरडवाहू ही लेबलं पुन्हा पुन्हा अदलाबदल करून, तेवढा फरक योगायोगाने किती वेळा येतो ते पाहतात. ही अदलाबदलही त्या वावराच्या आतच करायची. भारी काळ्या जमिनीतला पट्टा आणि बरडावरचा पट्टा एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एका वावरात लेबलं दोनच प्रकारे बसतात, म्हणून ६ वावरं म्हणजे फक्त ६४ मांडण्या. दोन्ही बाजूंच्या चाचणीत सर्वांत लहान पी-व्हॅल्यू (एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) २/६४, म्हणजे ०.०३१. १०० जनुकसंच तपासून बॉनफेरोनीची (०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागून येणारी) ०.०००५ ही पातळी धरली, तर फरक कितीही ठळक असो, हाती काहीच लागत नाही. १२ वावरं घेतली की मांडण्या ४०९६ होतात आणि ०.०००४९ पर्यंत पोहोचता येतं. म्हणून १२ शेतकऱ्यांशी पेरणीआधी बोला. हे काम नंतर कोणत्याही संगणकाला भरून काढता येत नाही. कोणत्या पट्ट्याला पाणी, हेही चिठ्ठ्या टाकूनच ठरवा. विहिरीजवळचा म्हणून तोच ओलिताचा केला, तर अदलाबदलीचा पायाच निघून जातो.

वावरं ६ च मिळाली तर परम्युटेशनचा हट्ट सोडा आणि रोस्ट (२०१०) किंवा कॅमेरा (२०१२) या जनुकसंच तपासण्याच्या दुसऱ्या पद्धती वापरा. त्यांची गृहीतकं मात्र आधी वाचून घ्या.

पानं तोडताना दोन्ही पट्टे एकाच माणसाने, लागोपाठ, शक्यतो सकाळी एकाच वेळेला करावेत. दिवस चढतो तशी शेकडो जनुकांची पातळी बदलते. पान तोडलं की लगेच द्रव नायट्रोजनमध्ये. तरी काही नमुन्यांतला आरएनए (ज्यावरून जनुकांची पातळी मोजतात तो रेणू) तुटणारच. तो नमुना फेकू नका, त्याचा दर्जा नोंदवून ठेवा. वेटेड रिग्रेशन असतं ते त्यासाठीच. कमी भरवशाच्या नमुन्याला कमी वजन मिळतं, पण जोडी शाबूत राहते.

आता वजनांचा मुद्दा, जिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. वजन नमुन्याचं असतं, लेबलाचं नाही. लेबल बदललं तरी वजन त्या नमुन्याच्या आकड्यांसोबतच राहिलं पाहिजे. दुसरं असं, की व्हूम (२०१४) ही पद्धत वजनं काढते ती मॉडेलने बसवलेल्या किमतींवरून. मॉडेलमध्ये ओलित-कोरडवाहू हा घटक असेल, तर खरं लेबल वजनांत आधीच झिरपलेलं असतं आणि मूळ मांडणीला फुकटचा फायदा मिळतो. तेव्हा वजनं फक्त वावराचा घटक ठेवून एकदाच काढा, नाहीतर प्रत्येक मांडणीला नव्याने काढा. यातलं काय करणार, ते निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा. लेबलांऐवजी रेसिड्युअल (मोजलेला आकडा आणि मॉडेलचा आकडा यांतला फरक) फिरवणार असाल, तर आधी वजनाच्या वर्गमुळाने गुणा, फिरवा आणि मग नव्या जागेच्या वर्गमुळाने भागा. कच्चे रेसिड्युअल एकसारखे पसरलेले नसतात.

एका फेरीत सगळ्या जनुकांना एकच मांडणी लावा. पाण्याच्या ताणाची जनुकं एकत्र चढतात-उतरतात. नमुन्यांऐवजी जनुकंच पिसली तर हा संबंध तुटतो आणि पी-व्हॅल्यू खोट्या लहान येतात. आपल्याकडची बहुतेक पऱ्हाटी चौगुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेली), म्हणजे एकाच जनुकाची ए आणि डी अशी दोन रूपं. दोन्ही संचात धरणार की एकत्र मोजणार, हे आधी ठरवा. नाहीतर संच कागदावर उगाच मोठा दिसतो. तुलनेच्या यादीत पानात खरोखर व्यक्त होणारीच जनुकं ठेवा.

४०९६ मांडण्या सगळ्याच चालवता येतात. वावरं वाढून यादृच्छिक मांडण्या घ्याव्या लागल्या, तर अंश आणि छेद दोन्हींत १ मिळवा, म्हणजे पी-व्हॅल्यू कधी शून्य येत नाही. सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) लिहून ठेवा, आणि गावात लाईन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा दर थोड्या मांडण्यांनंतर निकाल फाइलमध्ये जमा होतील असंच प्रोग्रॅममध्ये लिहा.