पोट्टं लंडनला कधी पोहोचेल? हवाई अंतर आणि वेळ घरीच काढा

घरातलं पोट्टं परदेशी शिकायला निघालं की आजी विचारते, "कितीक दूर हाये रे?" आपण मोबाइलवर दिसला तो आकडा सांगून मोकळे होतो. पण गाडी कधी सांगायची, फोनची वाट कधी पाहायची, हे ठरवायला तास लागतात, किलोमीटर नव्हे.

आधी अंतर. रस्त्याचं अंतर इथे कामाचं नाही. नागपूर ते मुंबई रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर, समृद्धी महामार्ग ७०१, तर हवाई अंतर सुमारे ६९०. गुगल मॅप्सवर एका शहरावर बोट दाबून धरा, 'अंतर मोजा' निवडा आणि नकाशा दुसऱ्या शहरापर्यंत सरकवा.

पोरांना दाखवायचं असेल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्या. सुती दोरा विषुववृत्तावर गुंडाळून मोजा; ती लांबी म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. दोरा १०० सेंटिमीटर भरला तर १ सेंटिमीटरला ४०० किलोमीटर. आता तोच दोरा मुंबई ते लंडन ताणून धरा. १८ सेंटिमीटर, म्हणजे ७,२०० किलोमीटर! दोरा कॅस्पियन समुद्राजवळून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी लावून हा रस्ता सापडत नाही.

मग वेळ. मोठं विमान ताशी साधारण ८५० ते ९०० किलोमीटरने उडतं. ७,२०० भागिले ८५० म्हणजे साडेआठ तास, त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. पण जाताना समोरून वारा लागतो, म्हणून साडेनऊ-दहा तास धरा. येताना तोच वारा पाठीशी असतो, वेळ वाचतो. हवाई हद्द बंद झाली की हिशेब बिघडतो: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ती भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

तिकीट वाचताना सांभाळा. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोहोचलं, म्हणजे साडेचार तास नव्हे. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून प्रवास दहा तासांचा. उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो.

आणि तारीख! १२ तारखेला रात्री १:३० चं विमान म्हणजे ११ ची रात्र. सामान घेऊन १२ च्या रात्री पोहोचलात तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं.

शेवटी जमिनीवरचा वेळ. गावाहून नागपूर एसटीने, तिथून मुंबईचं विमान दीड तासाचं, पुढे आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर. यवतमाळकडून निघणाऱ्याचा हा वेळ सहज दहा-बारा तासांवर जातो, म्हणजे लंडनच्या उड्डाणाइतकाच किंवा जास्त. विमान उतरल्यावरही इमिग्रेशन आणि बॅगांत तास-दीड तास मोडतो, तेवढ्यात फोन आला नाही म्हणून आजीला घाबरवू नका.