निकेलविरहित स्टीलची भांडी: निवड आणि वापर

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते निकेलमुळे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ते काम क्रोमियमचे आहे. क्रोमियम किमान १०.५ टक्के असले की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा जमतो. निकेल स्टीलला घडवायला सोपे आणि बिनचुंबकी बनवते. म्हणून १६ ते १८ टक्के क्रोमियमचे ४३० ग्रेडचे स्टील निकेल जवळजवळ नसतानाही टिकते आणि स्वस्तही पडते.

सोलापुरात मधला मारुती भागातल्या बाजारात भांडी घ्यायला जाताना खिशात लहानसे लोहचुंबक ठेवावे. ४३० ला ते खटकन चिकटते, तर निकेलयुक्त ३०४ ग्रेडच्या डब्याला काठाशी आणि कोपऱ्याशी, जिथे पत्रा दाबून वळवलेला असतो, तिथे नुसती हलकी ओढ जाणवते. म्हणून डब्याच्या तळाच्या मधोमध तपासावे. मात्र इंडक्शनच्या पातेल्याच्या तळाला बहुधा चुंबकी पत्रा वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे तिथे चुंबक चिकटले म्हणजे पातेले निकेलविरहित आहे असे समजू नये. उलट, चुंबक न चिकटणारे प्रत्येक भांडे ३०४ असते असेही नाही. २०० मालिकेच्या ग्रेडमध्ये बरेचसे निकेल काढून मँगनीज घातलेले असते. तेही चिकटत नाही आणि गंजाला ३०४ पेक्षा लवकर बळी पडते. दुकानदार ‘चुंबक लावून बघा’ म्हणतो, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे. चमच्यावर १८/० (म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ० निकेल) असा शिक्का असेल, तर त्यात निकेल जवळजवळ नसतेच.

निकेलची ॲलर्जी असलेल्यांच्या घरी चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचे सार यांसारखे आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवायला ४३० बरे, कारण आंबटात निकेलयुक्त भांड्यातून थोडे निकेल उतरते. ४३० ची खरी कमजोरी मीठ आहे. शेंगाचटणी कोरडी असल्याने डब्यात चालते; पण मिठाचे पाणी सुटलेले लोणचे ठेवल्यास टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके पडतात आणि तिथून पत्रा खोल खात जातो. त्यासाठी काचेची किंवा चिनीमातीची बरणीच वापरावी. पाणी उकळण्याआधी त्यात कोरडे मीठ टाकू नये, कारण ते तळाशी साचते. लोखंडी काथ्याने घासू नये. त्याचे कण रुतून गंजतात आणि दोष भांड्यावर येतो. बोअरच्या पाण्याने भांडे धुतल्यास लगेच पुसावे, नाहीतर क्षारांचा पांढरा थर बसतो. तो लिंबाच्या फोडीने निघतो, मात्र नंतर भांडे स्वच्छ पाण्याने धुवावे.