किनवटच्या सागवनातून सायकलने: आखणी उजेडाची आणि पाण्याची

मराठवाडा म्हटलं की उघडं माळरान, काळं रान आणि टँकर डोळ्यांसमोर येतात. नांदेड जिल्ह्याचा ईशान्य कोपरा मात्र वेगळा आहे. भोकर मागे पडतं, हिमायतनगर ओलांडतो आणि पुढे इस्लापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला साग उभा राहायला लागतो. किनवट आणि माहूर हे दोन तालुके, मधून वाहणारी पैनगंगा, पलीकडच्या काठावर विदर्भातलं उमरखेडचं जंगल आणि दोन्ही बाजूंना पसरलेलं पैनगंगा अभयारण्य. इथे सह्याद्रीसारखे दम काढणारे लांबलचक घाट नाहीत. नदीखोऱ्यातला चढ-उताराचा, बहुतांशी सौम्य रस्ता आहे. रोड सायकलसाठी याहून चांगला मुलूख मला मराठवाड्यात सापडलेला नाही.

तरीही इथे बरेच जण चुकतात. शहरातून येणारे किलोमीटर मोजून दिवस ठरवतात: आज शंभर, उद्या सव्वाशे. या जंगलात दिवस ठरवायचा तो उजेड किती तास आहे आणि पाणी कुठे मिळेल यावर.

पहिली पायरी: महिना निवडा

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. सागाची पानं अजून झाडावर असतात, रस्त्यावर सावली असते, सीताफळं बाजारात आलेली असतात. ऑक्टोबरमध्ये गेलात तर सहस्रकुंडच्या धबधब्यालाही भरपूर पाणी असतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, आणि तेव्हा जायचा मोह कुणालाही होईल. अवश्य जा, पण दुपारी बारापर्यंत सायकल आवरायची या बोलीवर. कारण हे पानगळीचं जंगल आहे. ऊन चढायला लागतं नेमकं तेव्हाच साग पानं टाकतो. नकाशावर हिरवं दिसणारं जंगल मार्चअखेरीस नुसत्या खोडांचं असतं आणि डांबराचा ताव खालून लागतो.

मग पहाटे चारला निघू, असं वाटेल. तेही नको. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, आणि मोहाची फुलं खायला अस्वलं पहाटेच येतात. फुलं वेचायला जाणाऱ्या गावकऱ्यांची अस्वलाशी गाठ पडते ती याच वेळेला. म्हणजे उशिरा निघालं तर ऊन, लवकर निघालं तर अस्वल. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा म्हणूनच सरळ सोडून द्यावा. भर पावसाळ्यात रस्ता देखणा असतो, पण कडेची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते आणि पातळ टायर साबणावरून गेल्यासारखं घसरतं. तीच माती ब्रेकच्या फटीत अडकली की चाक फिरेनासं होतं. काडीने कोरून काढल्याशिवाय गत्यंतर नसतं.

दुसरी पायरी: मार्ग ठरवा

पहिल्यांदा येत असाल तर नांदेडहून सायकल मारत येऊ नका. वाटेने जाल तसं नांदेड ते किनवट सव्वाशे ते दीडशे किलोमीटर भरतं, आणि जंगल शेवटच्या टप्प्यात आहे. तिथे पोहोचेपर्यंत पाय संपलेले आणि सूर्य कललेला असतो. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर किनवट स्टेशन आहे. सायकल रेल्वेने आणायची असेल तर निघायच्या आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात विचारा, कारण लहान स्टेशनांवर गाडी थोडाच वेळ थांबते आणि सामान उतरवायला सवड मिळेलच असं नाही. पुढचं चाक काढून सायकल पिशवीत बांधता आली तर निम्मी कटकट मिटते.

किनवटला मुक्काम करा आणि तिथून दोन दिवस दोन दिशांना जा.

पहिला दिवस सहस्रकुंडाचा. किनवट, बोधडी, इस्लापूर आणि तिथून आत पैनगंगेकडे. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास. बोधडी आणि इस्लापूर ही दोन्ही बाजाराची गावं, चहा आणि पाणी मिळतं. सहस्रकुंडाला नदी काळ्या खडकांच्या अनेक फटींमधून खाली कोसळते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. सायकलच्या बुटांनी त्या खडकांवर अजिबात चढू नका. तळव्याची पट्टी कडक असते, शेवाळावर क्षणही टिकत नाही. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: नदीवर वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे. इथे आभाळ निरभ्र असलं तरी तिथून पाणी सोडल्यावर प्रवाह वाढतो. काठावरचे लोक मागे व्हा म्हणाले तर वाद न घालता मागे व्हा.

दुसरा दिवस माहूरचा. किनवट, सारखणी, वाई बाजार, माहूर. एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. मला स्वतःला हा रस्ता जास्त आवडतो. मध्ये साग, मध्ये कापसाची शेतं, कुठे बंजाऱ्यांचा तांडा, कुठे आतल्या बाजूला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा. माहूर गावापर्यंत ठीक आहे, पण रेणुकामातेच्या गडाचा आणि दत्तशिखराचा चढ खरा चढ आहे. पन्नास किलोमीटरनंतर तो अंगावर येतो. सायकल गावात ठेवून वर जाण्यात काही कमीपणा नाही. नवरात्र आणि दत्तजयंतीच्या दिवसांत हा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो, ते दिवस टाळा. माहूरलाच मुक्काम करून तिसऱ्या दिवशी परतणं सगळ्यांत सुखाचं. दर्शन झाल्यावर देवीचा तांबूल मिळतो, तो खाऊन बसावं थोडा वेळ.

मांडवीच्या बाजूला उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. हातात आणखी एक दिवस असेल तरच तिकडे वळा.

तिसरी पायरी: टायर आणि सराटे

या भागातला सायकलस्वाराचा खरा वैरी सराटा. जमिनीलगत पसरणारं पिवळ्या फुलांचं वेल आणि त्याची काटेरी बोंडं. शिवाय बाभळीचे काटे आहेतच. २५ मिमीचं शर्यतीचं टायर घरी ठेवा. २८ किंवा ३२ मिमीचं, काटेरोधक पट्टी असलेलं टायर घाला. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर आणि पंप एवढं लागतंच. रोड सायकलची ट्यूब इथल्या दुकानात मिळेल असं धरून चालू नका.

थांबताना सायकल गवतात आडवी टाकू नका. उचलून नेऊन झाडाला टेकवा. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. बोंडाचं टोक आत तुटून राहतं. सारखणीच्या अलीकडे मी घाईत ते न बघता ट्यूब बदलली आणि दोन किलोमीटरवर दुसरीही गेली. उरलेला वेळ पॅच वाळण्याची वाट बघण्यात गेला, आणि किनवटला परत येईपर्यंत अंधार पडला होता. जंगलात अंधारात चालवलेले ते शेवटचे किलोमीटर मला पुन्हा नकोत.

चौथी पायरी: घड्याळ लावा

डिसेंबरात इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. सातला निघा, चारच्या आत मुक्कामी या. पाच वाजता नाही, चार. मधला तास पंक्चरसाठी राखलेला आहे. तिन्हीसांजेला रानडुकरं आणि रोही (नीलगाय) रस्ता ओलांडतात. एक रोही गेला म्हणून लगेच पुढे जाऊ नका, मागून दुसरा येतो. याच वेळी गुरं घरी परततात आणि कापसाच्या, उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना चाललेल्या असतात. सायकलला मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

वाघाचं विचाराल, तर पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथून २०१९ मध्ये निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातून हजाराहून अधिक किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. हा मुलूख जनावरांच्या वाटेवरचा आहे. भिऊन घरी बसायचं कारण नाही, पण डांबर सोडून आत शिरायचं नाही. अभयारण्यातल्या आतल्या वाटांना वनविभागाची परवानगी लागते. कानात गाणी घालून चालवू नका, हे तर हवंच.

पाचवी पायरी: पाणी आणि पोट

पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू. हिवाळ्यातही तासाला अर्धा लिटर प्या. बाटली निम्मी झाली की पुढच्या गावात भरायची, रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही. सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) खाऊन निघा, हलकं असतं आणि दोन तास पुरतं. सोबत धपाटे, शेंगदाणे आणि गूळ. धपाटे तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, म्हणून घरूनच न्यावेत.

तांड्याजवळ कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा. कुणीतरी हाक देऊन त्यांना आवरतंच. राम राम म्हणा, पुढच्या रस्त्याचं विचारा. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

जंगलात मोबाइलची रेंज मध्येमध्ये जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि निघताना लॉजवाल्याला सांगा: अमुक रस्त्याने चाललोय, चारपर्यंत येतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागाच्या मदतीसाठी १९२६. हे दोन्ही नंबर कागदावर लिहून खोगिराखालच्या पिशवीत ठेवा, फोन बंद पडला तर वाटेवरच्या कुणाच्याही फोनवरून लावता येतात.